विंचवाचं बिऱ्हाड आणि सरकारी फॉर्म

वोल्फ्सबुर्ग, जर्मनी, १९४६-४७ चा सुमार. युद्ध संपलंय. फोक्सवॅगनचा बाँब पडून निम्मा मोडलेला कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आहे आणि तो चालवतोय आयव्हन हर्स्ट नावाचा एक ब्रिटिश मेजर. कारखान्यात बीटल गाड्या बनतायत, पण सुटे भाग या टोकाकडून त्या टोकाला न्यायला साधन नाही. सैन्याचे फोर्कलिफ्ट होते, ते सैन्याने परत मागितले. मग कामगारांनी काय केलं, तर बीटलचीच चासी घेतली, तिच्यावर पुढे एक सपाट फळी ठोकली, आणि ड्रायव्हरला मागे, इंजिनाच्या डोक्यावर बसवलं. झाली मालगाडी तयार! या जुगाडाचं नाव 'प्लाटेनवागन', म्हणजे शब्दशः फळीगाडी.

बेन पोन नावाचा डच व्यापारी तिथे गाड्या आयात करायच्या बोलणीसाठी येत असे. त्याने ही फळीगाडी पाहिली आणि तो खूश झाला. अशाच गाड्या हॉलंडला नेऊन विकायच्या असं त्याने ठरवलं. पण डच वाहतूक खात्याने नकार दिला. का? तर त्यांच्या नियमानुसार ड्रायव्हर गाडीच्या पुढच्या भागात बसायला हवा, आणि इथे तो बसतो मागे.

आपल्यासारख्यांना ही गोष्ट फार ओळखीची वाटेल. प्रॉडक्ट चालतंय, कस्टमर तयार आहे, आणि कंप्लायन्सवाल्यांनी सही केली नाही. तर २३ एप्रिल १९४७ रोजी पोनने आपल्या वहीच्या एका पानावर एक डबा काढला. ड्रायव्हर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, आणि मधली सगळी जागा मोकळी. वहीचं ते पान आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जपून ठेवलंय. रेम्ब्रांटच्या चित्रांच्या शेजारघरी!

हाच डबा म्हणजे फोक्सवॅगन टाइप २, जर्मनांची लाडकी 'बुली'. पुढे हिप्पींची गाडी म्हणून आणि कॅम्परव्हॅन म्हणून जी जगभर गाजली ती हीच. लोक तिला स्वातंत्र्याचं चिन्ह वगैरे म्हणतात, टी-शर्टवर छापतात. मला मात्र तिच्या इतिहासात दुसरंच काहीतरी दिसत राहतं. जुन्या व्हॅनचं घर करायची ही जी कल्पना आहे, तिच्या प्रत्येक वळणावर कुठला ना कुठला सरकारी नियम उभा आहे. आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच: हे वाहन आहे की घर? या प्रश्नाचं उत्तर गाडीकडे बघून मिळत नाही. गाडीत कोण झोपलंय ते बघून मिळतं. आजचं सगळं लिखाण त्याबद्दल.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण मला त्याशिवाय चैन पडणार नाही.

पोनच्या चित्रावर प्रत्यक्ष काम सुरू झालं ते १९४८ साली हाइन्झ नॉर्डहॉफ कारखान्याचा प्रमुख झाल्यावर. पहिल्या नमुन्याचं तोंड इतकं सपाट होतं की हवेचा अडथळा मोजण्यापलीकडे. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठातल्या वातबोगद्यात लाकडी मॉडेल ठेवून चाचण्या झाल्या, तोंडाला गोलाई दिली, आणि हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.७५ वरून ०.४४ वर आला. पुढचा तो गोंडस गोल चेहरा कुणा कवीने काढलेला नाही, वातबोगद्याने काढलाय. बीटलची चासी या वजनाखाली वाकली म्हणून नवा मजबूत सांगाडा बनवला. ८ मार्च १९५० ला नियमित उत्पादन सुरू झालं. इंजिन ११३१ सीसी, ताकद २५ अश्वशक्ती, आणि सामान वाहायचं ७५० किलोपर्यंत. २५ अश्वशक्ती म्हणजे आजच्या एखाद्या ३०० सीसीच्या मोटरसायकलपेक्षा कमी! घाटात काय होत असेल याची कल्पना करा.

पण घर करायला ही गाडी का सोयीची, ते तिच्या रचनेत आहे. इंजिन मागे, त्यामुळे मधली जमीन सपाट. इंजिनावर एक उंच ओटा आपोआप तयार होतो. मागचं बाकडं पुढे ओढून त्याची पाठ आडवी केली की ती बरोबर त्या ओट्याच्या पातळीला येते, आणि पूर्ण लांबीचा पलंग तयार. बाजूचे दोन दरवाजे उघडले की अख्खी भिंतच उघडते. हे कुणी कॅम्परसाठी केलं नव्हतं. पाववाले, धोबी, प्लंबर यांच्यासाठी केलेली रचना होती. एपीआय चांगला असला की लोक त्याचा असा वापर करतात जो मूळ लेखकाच्या स्वप्नातही नसतो, तसंच.

तो वापर आधी केला वेस्टफालिया नावाच्या कंपनीने. १८४४ पासून वीडेनब्रुक गावात घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे हे लोक. १९५१ साली जर्मनीत तैनात असलेल्या एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याच्या मागणीवरून त्यांनी एका बुलीत पलंग आणि कपाटं बसवून दिली. मग त्यांच्या लक्षात आलं की असे गिऱ्हाईक बरेच आहेत, पण फक्त सुटीसाठी वेगळी गाडी घेण्याइतका पैसा कुणाकडे नाही. युद्धाने धुऊन निघालेला देश तो. म्हणून त्यांनी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायची एक लाकडी पेटी, तिच्यात उशा-गाद्या, सामानाचे कप्पे, स्टोव्ह ठेवायची जागा. शनिवारी पेटी गाडीत चढवायची आणि सुटीवर निघायचं. सोमवारी पेटी उतरवायची आणि त्याच गाडीतून माल पोचवायचा.

मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. नंतरचे लाकडी पॅनेलचे, फ्रिज-सिंकवाले थाटाचे मॉडेल त्यापुढे फिके. गाडीला धक्का न लावता तिचं घर करायचं आणि परत गाडी करायची. प्लगइन म्हणा ना!

आता ब्रिटनमध्ये या. तिथे दुसऱ्या महायुद्धापासून चैनीच्या वस्तूंवर 'पर्चेस टॅक्स' होता. प्रवासी मोटारीवर हा कर १९५० च्या दशकाच्या मध्यावर ५० ते ६० टक्क्यांच्या घरात. मालवाहू व्हॅनवर मोटारीचा कर नाही. पण त्याच व्हॅनला मागच्या बाजूंनी खिडक्या पाडल्या की कर खातं म्हणणार, ही तर मोटार झाली, काढा पैसे. आणि गंमत पुढेच आहे. खिडक्या पाडल्या, पण आत पलंग, कपाट, स्वयंपाकाची सोय कायमची बसवली, तर ती 'मोटर कॅरव्हॅन' झाली. म्हणजे राहायची जागा. म्हणजे पुन्हा कर माफ!

मग काय, ब्रिटनमध्ये व्हॅनची घरं करणाऱ्या कारखान्यांचं पीकच आलं. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनवर 'डॉर्मोबील' काढली, वर उचलायचं छप्पर एका बाजूला बिजागरीवर आणि त्याला रंगीत पट्ट्यांचं कापड. नाव इतकं रुळलं की इंग्रजीत कुठल्याही कॅम्परला लोक डॉर्मोबील म्हणू लागले, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. मध्यमवर्गीय कुटुंबं ही गाडी घेत ती काही फक्त समुद्रकिनाऱ्यावर झोपायला नाही. ऑफिसला जायला, मुलांना शाळेत सोडायला. मोटारीपेक्षा स्वस्त पडणारी मोटार, जिच्यात योगायोगाने गॅसची शेगडीही आहे. त्या शेगड्यांपैकी किती कधीच पेटल्या नसतील कोण जाणे.

१ एप्रिल १९७३ ला पर्चेस टॅक्स गेला, व्हॅट आला, आणि सूट संपली. ऑक्टोबरात तेलसंकट. धंदा झोपला.

अटलांटिकच्या पलीकडे कराचा खेळ वेगळा, आणि त्याचं मूळ चक्क कोंबड्यांत. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली, त्याचा बदला म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के आयातकर लावला. नाव पडलं 'चिकन टॅक्स'. बाकीच्या वस्तूंवरचा कर पुढे गेला, हलक्या ट्रकांवरचा अजून आहे. फोक्सवॅगनची बंद मालवाहू व्हॅन आणि पिकअप अमेरिकेतून जवळपास गायब झाल्या. प्रवासी गाडी म्हणून मोजल्या जाणाऱ्या, म्हणजे खिडक्या आणि सीट असलेल्या गाड्या मात्र येत राहिल्या. तर ज्या गाड्या काही वर्षांनी सेकंडहँड बाजारात कॉलेजच्या पोरांना चारपाचशे डॉलरला मिळू लागल्या, त्या खिडक्यावाल्याच होत्या. हिप्पींनी खिडक्यांना झालरीचे पडदे लावले, कारण खिडक्या होत्या. कोंबड्यांच्या कृपेने.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते, कारखान्यातून आलेल्या कॅम्परची नाही तर जुन्या गाडीची. जॉन म्युअर नावाचा एक एरोस्पेस इंजिनिअर नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत गेला आणि १९६९ साली त्याने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी यावर एक पुस्तक स्वतःच छापलं, अगदी 'महामूर्खांसाठी' असं नावात सांगून. यंत्राला हात न लावलेल्या माणसाने रस्त्याच्या कडेला पान उघडून वाल्व्ह सेट करावेत अशी त्याची भाषा. पुढे बाजारात आलेल्या 'डमीज' छापाच्या सगळ्या पुस्तकांच्या किती वर्षं आधी! या पुस्तकाने हजारो लोकांना एक धीर दिला: गाडी आपली आपण दुरुस्त करता येते, म्हणजेच आपली आपण बदलताही येते. (जाता जाता: १९७६ साली अ‍ॅपल सुरू करताना पैसे उभे करायला स्टीव्ह जॉब्सने जी गाडी विकली तीही फोक्सवॅगनची हीच बस. वॉझनिअ‍ॅकने कॅल्क्युलेटर विकला.)

जुन्या व्हॅनचं घर करणं म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगतो, कारण फोटोंत ते दिसत नाही. प्लायवूड ठोकणं हा सोपा भाग. खरा शत्रू पाणी. बाहेरचं नाही, आतलं. बंद पत्र्याच्या डब्यात दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, पेलाभर तरी वाफ बाहेर टाकतात आणि ती थंड पत्र्यावर जाऊन थिजते. लाकडी अस्तराच्या मागे, जिथे दिसत नाही तिथे, पत्रा गंजत जातो. म्हणून आधी उष्णतारोधक थर, मग अस्तर, आणि कुठेतरी हवा जायला वाट. ती वाट ठेवली नाही आणि आत शेगडी पेटवून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइड सकाळ बघू देत नाही. दुसरा प्रश्न विजेचा. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असते. रात्रभर दिवा-पंखा चालवून ती पूर्ण उतरवली की चारदोन वेळांत मेलीच. म्हणून वेगळी, सावकाश उतरणारी दुसरी बॅटरी, आणि मध्ये एक रिले. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज होतात, बंद झालं की रिले दोघींना तोडतो. घराने कितीही वीज खाल्ली तरी सकाळी गाडी सुरू होते. घर आणि वाहन एकाच पत्र्यात आहेत, पण त्यांचे हिशेब वेगळे ठेवायचे, एवढं साधं तत्त्व. सरकारांना ते अजून जमलेलं नाही.

याच काळात यातल्या काही गाड्या आपल्याकडेही आल्या. लंडन किंवा अ‍ॅमस्टरडॅमहून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि मग गोवा किंवा काठमांडू. इस्तंबूलच्या 'पुडिंग शॉप'मधल्या फलकावर निरोप लावायचे, काबूलच्या चिकन स्ट्रीटवर गाडी लावायची, थंडीत हणजुणेच्या किनाऱ्यावर मुक्काम. पाश्चात्त्य पोरांनी अख्खा आशिया बिनधास्त ओलांडला असं आपण ऐकतो. ते खरंच, पण गाडीसोबत 'कार्ने' नावाचं जकातीचं पुस्तक लागे. प्रत्येक सीमेवर आत येताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. गाडी परत नेली नाही तर घरी ठेवलेली हमीची रक्कम गेली. म्हणजे सगळ्या जगाशी नातं तोडून निघालेल्या हिप्पीच्या डॅशबोर्डमध्ये बँकेची हमी! १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, आणि तो रस्ता बंद झाला तो झालाच.

आता दुसरी बाजू. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागेल, १८८५ च्या इंग्लंडमध्ये.

त्या वर्षी गॉर्डन स्टेबल्स नावाचे नौदलातले निवृत्त डॉक्टर ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून 'वाँडरर' नावाची गाडी बनवून घेतात. दोन घोडे ओढणार, महोगनी लाकूड, आत पुस्तकांचं कपाट. ते स्वतः तिला जमिनीवरची यॉट म्हणत. सोबत कोचमन आणि एक नोकर. नोकर पुढे तीनचाकी सायकलवर जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघणार. इंग्लंडच्या दक्षिणेतून निघून साहेब स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले, पुस्तक लिहिलं, आणि हौशी कॅरव्हॅन-प्रवासाचे जनक झाले. त्यांना ही कल्पना कुठून सुचली? रस्त्यावर राहणाऱ्या जिप्सींच्या, म्हणजे रोमा लोकांच्या, घोडागाड्यांवरून.

आणि नेमक्या त्याच वर्षांत जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक पार्लमेंटमध्ये 'मूव्हेबल ड्वेलिंग्ज बिल' आणायची खटपट करत होते. 'फिरती निवासस्थानं'. जिप्सी आणि जत्रेत खेळ करणारे लोक ज्या गाड्यांत राहतात त्यांची नोंदणी करायची, निरीक्षकाने आत शिरून तपासणी करायची, मुलांना सक्तीने शाळेत घालायचं. स्मिथ वाईट माणूस नव्हता. वीटभट्ट्यांवरच्या पोरांसाठी आणि कालव्यातल्या होड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्याने खरोखर कायदे करवून घेतले होते. पण निरीक्षक दार न वाजवता घरात येणार ही गोष्ट जत्रेवाल्यांना मानवली नाही. १८८९ मध्ये त्यांनी संघटना काढली. तिचं नाव लक्षात ठेवा: 'व्हॅन ड्वेलर्स असोसिएशन'. व्हॅनमध्ये राहणाऱ्यांचा संघ, हॅशटॅगच्या सव्वाशे वर्षं आधी! त्यांनी बिल हाणून पाडलं. पुढे तीच संघटना 'शोमेन्स गिल्ड' झाली आणि आजही आहे.

तेव्हा तीच चाकं, तीच चूल, तोच पलंग. डॉक्टरांचं ते जहाज, जिप्सीचं ते तपासणी करण्याजोगं निवासस्थान. डॉक्टरांकडे मागे परत जायला पक्कं घर होतं, एवढाच फरक.

आपल्याला यात नवल वाटायला नको खरं तर. याच साम्राज्याने १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं हाच पुरावा. पोलिसपाटलाकडे हजेरी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव त्यातूनच आलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा गेला. विमुक्त जाती हा शब्द तेव्हाचा. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण किती सहज वापरतो, पण विंचूच का, गोगलगाय का नाही? तिचं घर तर खरोखर पाठीवर असतं. भाषेलासुद्धा फिरणाऱ्याची नांगी आधी दिसते की काय.

असो. परत इंग्लंड. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे बेकारी वाढली, घरभाडी परवडेनात, आणि पालिकांच्या जुन्या बस, ॲम्ब्युलन्स, घोडे वाहायचे ट्रक लिलावात मातीमोल मिळत होते. पोरांनी त्यात लाकडाच्या चुली बसवल्या, छताला भोक पाडून धुराडं काढलं, आणि राहायला लागली. कुटुंबं झाली, मुलं झाली. उन्हाळ्यात ही मंडळी १९७४ पासून दरवर्षी स्टोनहेंजपाशी मोफत उत्सव करत. १९८५ साली कोर्टाने त्यावर बंदीहुकूम दिला. १ जून १९८५ रोजी जवळपास १४० गाड्यांचा तांडा स्टोनहेंजकडे निघाला असताना विल्टशरमध्ये सुमारे १३०० पोलिसांनी तो अडवला. गाड्या शेजारच्या शेतांत घुसल्या, आणि संध्याकाळी पोलिस आत शिरले. खिडक्या फोडल्या, बायका-मुलांना काचांतून बाहेर ओढलं. पाचशेहून जास्त लोकांना अटक झाली. घेवड्याच्या शेतात झालं म्हणून नाव पडलं 'बॅटल ऑफ द बीनफिल्ड'. लढाई कसली, एकाच बाजूला हेल्मेटं होती.

आयटीएनचा बातमीदार किम सबिडो तिथे होता आणि जे पाहिलं ते कॅमेऱ्यासमोर हादरून बोलला. दुसरा साक्षीदार अनपेक्षित: अर्ल ऑफ कार्डिगन, म्हणजे उमराव माणूस, ज्याच्या घराण्याच्या सॅव्हरनेक जंगलात तांडा आदल्या रात्री उतरला होता. त्याने कोर्टात पोलिसांच्या विरोधात साक्ष दिली. १९९१ मध्ये २१ जणांना मिळून २४,००० पौंड भरपाई मिळाली. पण खटल्याचा खर्च न्यायाधीशांनी दिला नाही, आणि ती रक्कम वकिलांच्या बिलातच गेली.

पैशापेक्षा मला खटकतं ते असं. मोटारीची काच फोडली तर नुकसान म्हणजे काच. घराची भिंत फोडली तर? त्या दिवशी ज्या गाड्या मोडल्या, त्यांत लोकांचे पलंग होते, भांडी होती, बाळाचे कपडे होते. हिशेबात मात्र त्या गाड्या होत्या.

पुढचे आकडे बघा, तीन ओळींत अख्खा इतिहास आहे. १९८६ च्या कायद्याने परवानगीशिवाय जमिनीवर मुक्काम केलेल्यांच्या १२ गाड्या असतील तर पोलिस त्यांना हलवू शकत. १९९४ मध्ये १२ च्या ६ झाल्या. त्याच कायद्याने जिप्सींसाठी तळ पुरवायचं पालिकांवरचं १९६८ पासूनचं बंधनही काढून टाकलं. २०२२ च्या कायद्यात सहाची एक झाली. एक व्हॅन, जमीनमालकाने जायला सांगूनही न जाणं, आणि त्रास किंवा नुकसान झाल्याचं म्हणणं: गुन्हा. तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि गाडी जप्त होऊ शकते. गाडी, म्हणजे घर.

आणि त्याच देशात, त्याच वर्षांत, व्हॅनचं घर करणं हा तरुणांचा आवडता छंद झाला. २०११ च्या सुमारास फॉस्टर हंटिंग्टन या अमेरिकी फोटोग्राफरने 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग रुजवला आणि मग काय, इन्स्टाग्रामवर पांढऱ्या चादरी आणि मागच्या उघड्या दारातून दिसणारा समुद्र. हौशी लोकांनाही सरकार सोडत नाही हं. ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्याने २०१९ च्या सुमारास ठरवलं की व्हॅनची नोंद 'मोटर कॅरव्हॅन' अशी बदलायची तर ती बाहेरून कॅरव्हॅन दिसली पाहिजे. आत कितीही उत्तम स्वयंपाकघर असू दे. एका बाजूला दोन तरी खिडक्या हव्यात, छत्रीची दांडी हवी, दोन्ही अंगांना कॅरव्हॅनछाप रंगाचे पट्टे हवेत, छप्पर उंच हवं. पण वर उचलायचं छप्पर चालणार नाही. म्हणजे डॉर्मोबीलचं ते पट्टेरी छप्पर, ज्याने हा सगळा पंथ सुरू केला, ते मोजायचं नाही! :)

शेवटी आपल्या पंढरीकडे, सिलिकॉन व्हॅलीकडे. २०१५ साली एक बातमी गाजली. गूगलमधला तेविशीचा सॉफ्टवेअर इंजिनिअर घरभाडं वाचवायला दहा हजार डॉलरचा जुना बंद ट्रक घेऊन कंपनीच्या पार्किंगमध्ये राहतो. अंघोळ जिममध्ये, जेवण कँटीनमध्ये. सगळ्यांनी कौतुक केलं, काय हुशार मुलगा! त्याच माउंटन व्ह्यू गावात रस्त्यांच्या कडेला जुन्या कॅम्पर-गाड्यांची रांग लागली होती. त्यांत राहणारे बरेचसे त्याच गावात काम करणारे, पण भाडं न परवडणारे लोक. नोव्हेंबर २०२० मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून अरुंद रस्त्यांवर मोठ्या गाड्या उभ्या करायला बंदी घातली. गावातले बहुतेक रस्ते या व्याख्येत अरुंदच. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. बंदीत 'राहणारे' हा शब्द कुठेच नाही. फक्त गाडीची लांबी-रुंदी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र तो शब्द होता. गाडीत राहायला बंदी करणारा १९८३ चा नियम २०१४ साली अपील कोर्टाने रद्द केला, कारण 'राहणं' म्हणजे काय हेच त्यात धड सांगितलं नव्हतं. गाडीत जेवलं तर राहणं? चादर ठेवली तर? निकालात न्यायाधीश हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात सांगितलं की सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्या बेघरांना दंड करणं घटनाबाह्य नाही.

आता हे सगळं वाचून कुणाच्या डोक्यात जुन्या ओमनीचा प्लॅन शिजत असेल, जो प्रत्येक आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये अप्रेझलच्या आसपास शिजतोच, तर आपल्याकडची स्थिती अशी. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार आपल्या नियमांत आहे, मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, अर्थात पर्यटकांसाठी. पण नेहमीच्या गाडीच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की आरसी बुकात लिहिलेले तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. सीट उखडल्या की आसनसंख्या बदलली. छप्पर कापलं की गाडीचं अंगच बदललं. मारुतीने ओमनी बनवणंही २०१९ मध्येच बंद केलं, तेव्हा मिळेल ती जुनीच असणार, तिचा पत्रा आधी नीट बघून घ्या. आणि सुतार गाठाल तेव्हा त्याला वेस्टफालियाच्या त्या १९५१ सालच्या पेटीचे फोटो दाखवा: गाडीला एकही भोक नाही, शनिवारी चढते, सोमवारी उतरते. मापं तेवढी ओमनीची द्या, त्यांची बुली आपल्या ओमनीपेक्षा बरीच रुंद होती.